‘बुल’, ‘फिन’ आणि ‘गनसेल’: अमेरिकी गुन्हेकथांची बोली कशी वाचायची

डॅशिएल हॅमेट किंवा रेमंड चँडलर यांची कादंबरी पहिल्यांदा हातात घेतली की बहुतेकांची गाडी दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणात अडते. इंग्रजी चांगलं येत असतं, वाक्यं आखूड असतात, व्याकरण सरळ असतं. तरी पानावरची दोन माणसं नेमकं काय बोलताहेत ते उमगत नाही. ‘बुल’ दारात आलाय म्हणून कोणी मागच्या जिन्याने पळतो, कोणाला त्याचा ‘माउथपीस’ सोडवून आणतो, कोणी टेबलावरून गुपचूप ‘फिन’ सरकवतो. मग पुस्तक मिटतं आणि कपाटात जातं.

असं पुस्तक अर्धवट सोडलेली माणसं भेटली की मला मनापासून हळहळ वाटते. अडचण शंभर-दीडशे शब्दांची असते, आणि तेवढ्यासाठी विसाव्या शतकातलं अतिशय जिवंत गद्य हातातून निसटतं. म्हणून मी ज्या क्रमाने ही बोली शिकलो, आणि ज्या क्रमाने आता मित्रांना शिकवतो, तो इथे मांडतो आहे.

पायरी १: कुठून सुरू करायचं

‘द माल्टीज फाल्कन’पासून. ही कादंबरी १९२९-३०मध्ये ‘ब्लॅक मास्क’ या मासिकात क्रमशः आली आणि १९३०मध्ये पुस्तकरूपाने निघाली. हॅमेट स्वतः पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेत नोकरी करून आलेला, त्यामुळे त्याच्या पात्रांची बोली त्याने कामावर असताना ऐकलेली आहे. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. या कादंबरीत लेखक कोणाच्याही मनात शिरत नाही. नायक सॅम स्पेड हा खासगी गुप्तहेर, पण तो काय विचार करतो हे एकदाही सांगितलेलं नाही. दिसतं ते वागणं आणि ऐकू येतं ते बोलणं. त्यामुळे कान आपोआप तयार होतो.

त्यानंतर चँडलरचं ‘द बिग स्लीप’ (१९३९). हॅमेटचंच ‘रेड हार्वेस्ट’ (१९२९) तिसरं घ्या, कारण त्यात बोली फार दाट आहे. डेमन रन्यनच्या ब्रॉडवेच्या गोष्टी सुरुवातीला नकोत. त्याने स्वतःची अशी एक वेगळीच भाषा घडवली आहे आणि ती आधी वाचली तर बाकीच्यांची सवय लागत नाही.

पायरी २: पहिल्या वाचनात कोश उघडू नका

एक प्रकरण सलग वाचा. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारा आणि पुढे जा. अर्थ शोधण्याआधी दोनच गोष्टी विचारा: हे कोण कोणाला म्हणतंय, आणि म्हणणाऱ्याचं समोरच्यापुढे किती चालतं?

हा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. या पुस्तकांत बोली सगळ्यांच्या तोंडी सारखी नसते. फाल्कनमधला गटमन हा लठ्ठ, धूर्त, माणसं मारवणारा गृहस्थ. पण त्याचं इंग्रजी घोटीव, जुन्या वळणाचं, आर्जवी. बोलीभाषेचा शब्द त्याच्या तोंडून क्वचितच येतो. उलट त्याच्यासोबत दोन पिस्तुलं बाळगून हिंडणारा पोरगा, विल्मर, तोंड उघडलं की गुंडांच्या भाषेतल्या धमक्या देतो. तेव्हा स्पेड त्याला हसत सुनावतो: भुरटा जितका स्वस्त, तितकी त्याची बोली भडक. हे वाक्य माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहे. खोलीतला खरा धोकादायक माणूस कोण, ते बहुतेक वेळा साध्या भाषेवरून कळतं.

स्पेड स्वतः ऑफिसात आलेल्या बाईशी वेगळं बोलतो, पोलिसांशी वेगळं, विल्मरशी वेगळं. बोलण्याची पातळी बदलली, की प्रसंगातलं वजन कोणत्या बाजूला गेलं हे समजून घ्या. शब्दाचा अर्थ त्यानंतर शोधला तरी चालतो.

पायरी ३: वही करा, पण खात्यांनी

अकारविल्हे यादी करू नका. खाती पाडा: पोलीस, पैसे, हत्यारं, तुरुंग, फसवणूक, पळणं, मरण. चँडलरच्या टिपणवह्यांतही अशा बोलीच्या याद्या सापडतात. तो शिकागोत १८८८ साली जन्मला, पण लहानपणापासून इंग्लंडमध्ये वाढला आणि अमेरिकेत परतला तो १९१२मध्ये. अमेरिकी बोली त्यालाही परक्या भाषेसारखी शिकावी लागली, आणि पहिली कथा छापून आली तेव्हा, १९३३च्या डिसेंबरात, तो ४५ वर्षांचा होता. आपण बाहेरचे आहोत म्हणून ज्यांना धास्ती वाटते त्यांना मी नेहमी हे सांगतो.

पोलिसांचं खातं पटकन भरतं. ‘बुल’ म्हणजे पोलीस, ‘हार्नेस बुल’ म्हणजे वर्दीतला पोलीस, ‘फ्लॅटफूट’ म्हणजे पायी गस्त घालणारा शिपाई, ‘जी-मॅन’ म्हणजे केंद्र सरकारचा माणूस. खासगी गुप्तहेराला ‘प्रायव्हेट डिक’, ‘शेमस’, ‘पीपर’, ‘गमशू’ अशी नावं आहेत. ‘गमशू’ म्हणजे रबरी तळव्याचे, आवाज न करणारे बूट. ते घालून माग काढणारा तो गमशू. ‘ऑप’ हा मात्र संस्थेतला शब्द, ‘ऑपरेटिव्ह’चं आखूड रूप. तो अपमान करण्यासाठी वापरत नाहीत, बाकीचे बऱ्याचदा तसे वापरतात.

पैशांच्या खात्यावर वेळ घालवा, कारण तिथे अर्थ चुकला तर प्रसंगच चुकतो. १ डॉलर म्हणजे ‘बक’. ५ डॉलरची नोट ‘फिन’. यिद्दिश या पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेत पाचाला ‘फिन्फ’ म्हणतात, त्यावरून. १० डॉलरची नोट ‘सॉबक’. सॉबक ही मुळात लाकूड कापताना ओंडका ठेवायची घोडी, तिचे पाय फुलीसारखे एकमेकांत अडकवलेले असतात. रोमन आकड्यांत १० म्हणजे तशीच फुली, आणि जुन्या नोटांवर तो आकडा छापलेला असे. म्हणून २० म्हणजे ‘डबल सॉबक’. १०० म्हणजे ‘सी-नोट’, पुन्हा रोमन आकड्यावरून. १००० म्हणजे ‘ग्रँड’ किंवा नुसतं ‘जी’. २५ सेंटला ‘टू बिट्स’ म्हणतात. जुन्या स्पॅनिश नाण्याचे आठ भाग करायची चाल होती, त्यातले दोन.

नुसती रक्कम कळून भागत नाही, ती किती मोठी होती ते कळायला हवं. त्यासाठी एक माप सांगतो. ‘द बिग स्लीप’मध्ये चँडलरचा खासगी गुप्तहेर मार्लो दिवसाला २५ डॉलर आणि वर खर्च घेतो. म्हणजे एक सी-नोट ही त्याची चार दिवसांची कमाई. कोणी त्याच्यापुढे सी-नोट टाकली की तेवढं मनात धरा. लाच, मेहनताना की अपमान, हे लगेच कळेल.

हत्यारांत ‘गॅट’, ‘रॉड’, ‘हीटर’, ‘रॉस्को’ हे सगळे पिस्तुलाचे शब्द. ‘गॅट’ हा गॅटलिंग तोफेच्या नावाचा तुकडा. ‘हील्ड’ असलेला माणूस म्हणजे हत्यार बाळगून आलेला. तुरुंगाला ‘स्टर’, ‘कॅन’, ‘बिग हाउस’, आणि ‘हूसगाउ’. हा शेवटचा शब्द मेक्सिकोच्या सीमेवरचा, न्यायालयाला असलेल्या ‘हुस्गादो’ या स्पॅनिश शब्दाचं बोलताना झालेलं रूप. ‘अप द रिव्हर’ पाठवणं म्हणजे तुरुंगात पाठवणं, कारण न्यूयॉर्क शहरातून हडसन नदीच्या वरच्या अंगाला गेलं की सिंग सिंग तुरुंग लागतो.

दारूचे शब्द तुम्हाला आपोआप समजतील. १७ जानेवारी १९२०पासून ५ डिसेंबर १९३३पर्यंत अमेरिकेत दारूबंदी होती, एवढं लक्षात असलं की ‘स्पीकईझी’ म्हणजे चोरटा गुत्ता आणि ‘हूच’ म्हणजे हलकी, चोरटी दारू हे सांगावं लागत नाही.

पायरी ४: एका शब्दाचे तीन अर्थ

नवख्या वाचकाला सगळ्यात जास्त त्रास ओळखीचे शब्द देतात. ‘डोप’ म्हणजे अमली पदार्थ, ‘डोप’ म्हणजे आतली खबर, आणि ‘डोप’ म्हणजे मूर्ख. ‘सॅप’ म्हणजे चामड्यात शिसं शिवलेला आखूड सोटा, आणि सॅप म्हणजे भोळसट माणूससुद्धा. ‘स्लग’ म्हणजे गोळी, ठोसा किंवा दारूचा घोट. ‘जॅक’ म्हणजे पैसे, आणि अनोळखी माणसाला उर्मटपणे मारलेली हाकसुद्धा. इथे कोशातला पहिला अर्थ उचलू नका. शब्दाशेजारचं क्रियापद बघा. सॅप ‘खाल्ला’ की सॅप ‘ठरला’, यावरून उलगडा होतो.

सरावासाठी मी एक वाक्य तयार केलं आहे: ‘द डिप टुक अ फॉल, बट हिज माउथपीस स्प्रंग हिम बिफोर द बुल्स कुड मेक हिम सिंग.’ ‘डिप’ म्हणजे खिशात हात बुडवणारा, आपला पाकीटमार. ‘फॉल’ म्हणजे पकडलं जाणं; दुसऱ्याचा गुन्हा ज्याच्या गळ्यात पडतो तो ‘फॉल गाय’ इथूनच आला. ‘माउथपीस’ वकील. ‘स्प्रिंग’ करणं म्हणजे कोठडीतून बाहेर काढणं. ‘सिंग’ म्हणजे पोलिसांपुढे बोलणं. मराठीत: पाकीटमार सापडला, पण पोलिसांनी त्याला बोलतं करायच्या आत वकिलाने सोडवून आणला. असं एकेक वाक्य रोज सोडवलं, की आठवड्याभरात हात बसतो.

पायरी ५: ‘गनसेल’जवळ थांबा

हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मी समासात ‘बंदूकवाला’ असं लिहिलं होतं. इंग्रजी वाचणाऱ्या पिढ्यान्पिढ्यांनी तेच केलं आहे.

स्पेड विल्मरला गनसेल म्हणतो. विल्मरकडे पिस्तुलं आहेत, ‘गन’ शब्द समोर दिसतोय, अर्थ उघड वाटतो. पण शब्द यिद्दिशमधून आलेला आहे, आणि मूळ अर्थ हंसाचं पिल्लू. मालगाड्यांवर चढून गावोगाव भटकणाऱ्या अमेरिकी भटक्यांच्या बोलीत तो वयस्क भटक्याने आपल्यासोबत ठेवलेल्या, लैंगिकदृष्ट्या वापरल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलाला लावला जाई. स्पेड विल्मरच्या पिस्तुलांबद्दल बोलतच नाही. विल्मरचं गटमनशी काय नातं आहे ते तो गटमनच्या तोंडावर बोलून दाखवतो.

हे छापलं कसं गेलं, त्याची आठवण पेरी मेसन या कादंबऱ्यांतल्या वकिलाचे जनक अर्ल स्टॅनली गार्डनर यांनी १९६५मध्ये लिहिली. ‘ब्लॅक मास्क’चे संपादक जोसेफ शॉ अश्लील शब्दांबाबत कडक होते. हॅमेटने ‘गूजबेरी ले’ असा एक शब्दप्रयोगही वापरला होता. तो ऐकायला वाईट वाटतो, पण अर्थ साधा आहे: दोरीवर वाळत घातलेले कपडे चोरण्याचा भुरटा धंदा. गार्डनर सांगतात की शॉ यांचा आक्षेप या निरुपद्रवी शब्दावर आला, आणि गनसेल मात्र ‘बंदूकवाला’ समजून सुटला. या कादंबरीवरच्या १९४१च्या चित्रपटातसुद्धा, सेन्सॉरचा जाच असताना, तो तसाच राहिला. पुढे इतर लेखकांनी हॅमेटचं बघून गनसेल हा शब्द भाडोत्री मारेकऱ्यासाठी वापरायला सुरुवात केली, आणि आता कोशात तो अर्थही नोंदला जातो.

यातून वाचताना करायची गोष्ट अशी: अशा शब्दाशेजारी पुस्तकाचं साल लिहा. १९३०च्या हॅमेटमध्ये गनसेलचा एक अर्थ, १९५०च्या स्वस्त कादंबरीत दुसरा. दोन्ही आपापल्या जागी बरोबर.

पायरी ६: ठकसेनांची भाषा वेगळी शिका

बंदुकवाल्यांची बोली आणि ठकसेनांची बोली एक नाही. दुसरीसाठी लुइव्हिल विद्यापीठातले भाषातज्ज्ञ डेव्हिड मॉरर यांचं ‘द बिग कॉन’ (१९४०) वाचा. त्यांनी धंद्यातल्या ठकांशी बोलून हे पुस्तक लिहिलं. ती शब्दयादी आहेच, पण वाचताना एक संपूर्ण कारखाना डोळ्यांपुढे उभा राहतो.

तो कारखाना असा चालतो. ‘मार्क’ म्हणजे बकरा, बहुधा गावाकडचा पैसेवाला माणूस. ‘रोपर’ त्याला रेल्वेत किंवा हॉटेलात गाठतो आणि दावं लावून आणतो. शहरात ‘इनसाइड मॅन’ वाट बघत असतो. सभ्य, शांत, विश्वास बसावा असा. मग ‘बिग स्टोअर’. हे घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावायचं दुकान, किंवा शेअर दलालाची पेढी. आकडे लिहायचे फळे, तारयंत्र, कारकून, गिऱ्हाइकं सगळं जागेवर, आणि सगळं खोटं. बकऱ्याला आधी थोडं जिंकू देतात, त्याला ‘कन्व्हिन्सर’ म्हणतात. मग ‘सेंड’: मोठी रक्कम आणायला त्याला घरी पाठवतात, आणि तो स्वतःच्या पायांनी परत येतो. ‘टच’ म्हणजे ती रक्कम घेणं. शेवटी ‘ब्लो-ऑफ’, म्हणजे त्याला वाटेला लावणं. त्याचा एक प्रकार मी कधी विसरणार नाही: ठक एकमेकांत भांडल्याचं नाटक करतात, एकजण दुसऱ्यावर कोरं काडतूस झाडतो, आणि पडणारा तोंडात धरलेली कोंबडीच्या रक्ताची पिशवी चावतो. बकरा खुनाच्या धसक्याने शहर सोडतो आणि पोलिसांकडे कधीच जात नाही. त्या पिशवीला ‘कॅकल-ब्लॅडर’ असं नाव आहे.

हे पुस्तक वाचून जिम थॉम्पसनची ‘द ग्रिफ्टर्स’ (१९६३) हातात घ्या. त्यातले हात मारायचे प्रकार लहान, जागच्या जागी उरकणारे आहेत, ‘शॉर्ट कॉन’. मोठ्या कारखान्याची ओळख असली की तो फरक कळतो.

इथे आपल्या घरचा एक धागा आहे. अमेरिकी लेखक गुंडाला ‘थग’ म्हणतात, तो आपला ठग, मराठीतला ठक. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी ठगांच्या टोळ्यांबद्दल लिहिलं तिथून तो इंग्रजीत पसरला. चोरीच्या मालाला असलेला ‘लूट’ हा शब्दही इथलाच. आणि गुंड एकमेकांना ज्या ‘पॅल’ शब्दाने हाक मारतात तो जिप्सींच्या रोमानी भाषेतला भाऊ, संस्कृत ‘भ्रातृ’शी थेट नातं असलेला. ‘गून’ मात्र आपला गुंडा नव्हे. तो वेगळ्या वाटेने आलेला अमेरिकी शब्द आहे.

पायरी ७: खरा शब्द की लेखकाचा?

चँडलरने एका पत्रात लिहिलं आहे की कामाची बोली दोनच प्रकारची: भाषेत मुरलेली, आणि लेखकाने स्वतः रचलेली. बाकीची छापून येईपर्यंत शिळी होते. मरणाला ‘बिग स्लीप’ हा शब्द त्याचा स्वतःचा. पुढे अमेरिकी नाटककार यूजीन ओनील यांच्या १९४६मध्ये रंगमंचावर आलेल्या नाटकात तो गुन्हेगारांचा रुळलेला शब्द असल्यासारखा वापरला गेला, आणि चँडलरने त्याची नोंद घेतली.

म्हणून वहीत तिसरा रकाना ठेवा: हा शब्द आणखी कोणाकडे सापडतो? जोनाथन ग्रीन यांचा बोलीकोश ऑनलाइन आहे आणि त्यात प्रत्येक अर्थाखाली सालासह उदाहरणं दिलेली आहेत. आधी तिथे बघा. उदाहरणं फक्त कादंबऱ्यांतली असतील तर तो शब्द रस्त्यावर किती चालला असेल याबद्दल सावध राहा.

पायरी ८: दुखावणारे शब्द

ही पुस्तकं बायकांना, कृष्णवर्णीयांना, ज्यूंना, चिन्यांना, मेक्सिकनांना, समलिंगी माणसांना ज्या शब्दांनी संबोधतात ते वाचून त्रास होतो, आणि व्हायलाच हवा. ‘फेअरवेल, माय लव्हली’ (१९४०) कृष्णवर्णीयांच्या वस्तीतच सुरू होते आणि पहिल्याच प्रकरणापासून असे शब्द येतात. हे शब्द वहीत जरूर लिहा, पण कोण कोणावर वापरतंय ते शेजारी मांडा. ‘डेम’, ‘स्कर्ट’, ‘फ्रेल’, ‘ट्विस्ट’ हे सगळे बाईसाठी असलेले शब्द सारखे नाहीत. स्कर्ट म्हणणाऱ्याला बाईचा फक्त झगा दिसतो, आणि फ्रेल म्हणणारा तिला दुबळी ठरवून मोकळा होतो.

यानंतर चेस्टर हाइम्स वाचायलाच हवा. हा कृष्णवर्णीय लेखक १९२८ ते १९३६ सशस्त्र दरोड्याच्या शिक्षेवर ओहायोत तुरुंगात होता आणि तिथेच लिहू लागला. १९५७पासून त्याने हार्लेम या न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या ग्रेव्ह डिगर जोन्स आणि कॉफिन एड जॉन्सन या दोन कृष्णवर्णीय पोलिसांच्या कादंबऱ्या लिहिल्या. चँडलरकडे ज्यांना जेमतेम दोन वाक्यं मिळतात ती माणसं इथे पूर्ण आवाजात बोलतात. नवी वही लागेल, कारण शब्द वेगळे आहेत.

पायरी ९: मराठीत म्हणून बघा

शेवटी एखादं पान मराठीत आणायचा प्रयत्न करा. अर्थ कळलाय की नाही, ते तिथे लगेच उघडं पडतं. एक सावधगिरी मात्र बाळगा. ग्रँडला ‘पेटी’ आणि पिस्तुलाला ‘घोडा’ असं लिहायचा मोह होईल. लिहू नका. त्या शब्दांबरोबर मुंबईच्या टोळ्या, त्यांचे सिनेमे आणि तिथल्या गल्ल्या येतात, आणि १९३०चं सॅन फ्रान्सिस्को पुसलं जातं. बकरा, पाकीटमार, खबरी, भुरटा, ‘आत जाणं’, ‘तोंड उघडणं’ असे कोणत्याही एका शहराचे नसलेले शब्द पुष्कळ आहेत, ते घ्या. गनसेलसाठी मला अजून समाधानकारक मराठी शब्द सापडलेला नाही, म्हणून मी तो तसाच ठेवतो.

एवढी वही भरली की फाल्कनमधला बेल्व्हेडिअर हॉटेलच्या लॉबीतला प्रसंग पुन्हा काढा. विल्मर वर्तमानपत्राआड बसलेला आहे आणि स्पेड येऊन त्याच्या शेजारी बसतो. हॉटेलचा गुप्तहेर ल्यूक येऊन पोराला हाकलेपर्यंतचं सगळं मोठ्याने वाचा, एकदा स्पेडच्या आवाजात आणि एकदा विल्मरच्या.